फोनसाठी घरगुती होल्स्टर: लपवणं सोपं, धरून ठेवणं अवघड

मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनने मला न विचारता ११२ नंबरला कॉल लावला. मी तेव्हा बाइकवर, फाउंटनच्या सिग्नलला, दोन कंटेनरच्या मध्ये अडकलेलो. फोन शर्टाच्या आत, कमरेला बांधलेल्या इलास्टिकच्या पट्ट्यात होता. काही वेळाने पोटाजवळून बारीक आवाज यायला लागला तेव्हा कळलं की पलीकडे कोणीतरी बोलतंय. फोन काढून माफी मागितली. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "नक्की सगळं ठीक आहे ना?" आणि ठेवला. पण मला फारच ओशाळल्यासारखं झालं. त्या वेळात खरंच अडचणीतला कोणीतरी लाइनवर थांबलेला असू शकतो.

तो पट्टा ऑनलाइन घेतला होता. कारण साधं. मी वरसाव्याला राहतो. रोज बाइकने मीरा रोड स्टेशन आणि तिथून लोकल. खिशातला फोन बाइकवर बसताना वर सरकतो, गर्दीत कधी जातो कळत नाही, आणि पावसात भिजतो तो वेगळाच. लोकलच्या दारात हातात फोन धरून उभं राहण्याबद्दल तर बोलायलाच नको. रुळांच्या कडेला काठी घेऊन थांबणारे 'फटका'वाले नुसता फोन नेत नाहीत. हातावर फटका बसून तोल गेला की माणूस खाली जातो. आणि फोन गेला की यूपीआय, ओटीपी, पास, सगळंच जातं. म्हणून ठरवलं, फोन अंगावरच पण शर्टाखाली ठेवायचा.

आता 'अंगावर, शर्टाखाली, पटकन निघेल असं' ठेवण्यासाठी घरी काही बनवायचं म्हणून शोधलं, तर समोर आले ते अमेरिकन लोकांचे पिस्तुलाचे होल्स्टर बनवायचे व्हिडिओ. गॅरेजमध्ये एक छोटा ओव्हन, प्लास्टिकचे शीट, दोन लाकडी फळ्या आणि शिकंजे. तिकडे निम्म्याहून जास्त राज्यांत वेगळ्या परवान्याशिवाय कपड्याखाली पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे हा रीतसर छंदच आहे, जसा आपल्याकडे गणपतीला थर्माकोलचे मखर करण्याचा होता.

आपल्याकडे हे प्रकरण वेगळं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो आणि तो सहज मिळत नाही. गंमत अशी की परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल कसं न्यायचं हे शस्त्र नियम २०१६ मध्ये लिहिलेलं आहे: होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात. म्हणजे 'झाकून नेणं' ही तिकडे आवडीची गोष्ट असेल, इकडे ती अट आहे. पण तुमच्या-माझ्यासारख्याला पिस्तुलाचा संबंध नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला. व्हिडिओ मात्र मी बघत राहिलो. कारण ती माणसं ज्या प्रश्नावर डोकं लावत होती तो हुबेहूब माझा होता.

आपल्याकडचं होल्स्टर: आकडी

तुमचं गाव कोकणात असेल तर होल्स्टर तुम्ही लहानपणीच पाहिलंय. माझे आजोबा सिंधुदुर्गात बागेत जायचे तेव्हा कमरेला आकडी असायची. लाकडाचा ठोकळ्यासारखा तुकडा, दोरीने कमरेला मागच्या बाजूला बांधलेला, आणि त्याच्या खाचेत कोयतीचं पातं अडकवलेलं. माडावर चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. वर पोचल्यावर एक हात खोडाला, दुसरा हात न बघता मागे जातो आणि कोयती हातात येते. काम झालं की न बघता परत आत.

'न बघता' हे महत्त्वाचं आहे. कोयती जागेवरून बोटभर सरकली असेल तर मागे गेलेला हात मुठीवर न पडता पात्यावर पडेल, तेही चाळीस फुटांवर. म्हणून आकडी हलता कामा नये, कोयती स्वतःहून निसटता कामा नये, आणि ओढली की अडता कामा नये. वस्तू लपवणं हा या सगळ्यात कुठेच नाही. आजोबांची कोयती लांबून दिसायची. (शेतीसाठीची कोयती नेण्यावर बंधन नाही, पण शहरात विनाकारण कोयता घेऊन फिरलात तर गुन्हा दाखल होतो, हे पुण्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको.)

पिस्तुलाचं होल्स्टर करणारेही हेच तीन मुद्दे मांडतात आणि त्यात एक चौथा घालतात, जो त्यांच्या दृष्टीने सर्वात मोठा: ट्रिगर कडक कवचाने पूर्ण झाकलेला हवा. मऊ कापडाचं होल्स्टर वाईट का? कारण कापड दबतं, कापडाच्या आडून ट्रिगरही दबतो.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. माझ्या इलास्टिकच्या पट्ट्यात नेमकं हेच झालं होतं.

फोनचा ट्रिगर कुठला?

पॉवर बटण. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला पॅनिक बटण लागतं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा पटापट दाबायचं. नंतरच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पाचदा दाबलं की एसओएस सुरू होतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अँड्रॉइडच्या या सोयीमुळे आपोआप लागणाऱ्या कॉलचा एवढा पूर आला की तिथल्या पोलिसांना लोकांना जाहीरपणे आवाहन करावं लागलं.

मग ही सोय बंद का करत नाही? सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'मध्ये ती सापडते, आणि बऱ्याच फोनवर बंदही करता येते. पण माझं मत आहे की करू नये, आणि मुलींनी तर अजिबात करू नये. ती ज्या दिवशी लागेल त्या दिवशी सेटिंग्ज उघडायला वेळ नसतो. दुरुस्ती बटणात करायची नसते, बटण दाबणाऱ्या पट्ट्यात करायची असते. कॉल लागण्याआधी काउंटडाउन आणि मोठा आवाज होईल असा पर्याय असेल तर तेवढा चालू ठेवा.

तर काम ठरलं. कडक कवच हवं, पॉवर बटणाला कुठेही न टेकणारं, फोनला बाजूने घट्ट धरणारं, वरून न बघता निघणारं.

कशाचं बनवायचं

अमेरिकन लोक कायडेक्स नावाचं शीट वापरतात. हे पीव्हीसी आणि अॅक्रिलिकचं मिश्रण. १९६५ मध्ये रोम अँड हास या कंपनीने ते विमानाच्या आतल्या भागांसाठी आणलं होतं. साधारण १६०-१७० अंशांना ते चामड्यासारखं मऊ होतं, साच्यावर दाबलं की त्याचा आकार घेतं आणि थंड झालं की तसंच कडक राहतं. याला थर्मोफॉर्मिंग म्हणतात. आपल्याकडे ते मागवता येतं, पण पहिल्या प्रयोगासाठी महाग पडतं. आणि पहिला प्रयोग फसणार हे गृहीत धरा. माझे तीन फसले.

मी वापरला प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा. ११० मिमी व्यासाचा, ज्याला दुकानात 'चार इंची' म्हणतात. भिंतीची जाडी दोन ते तीन मिमी असते. हॅकसॉने उभा कापून उघडला की साधारण ३४ सेंमी रुंदीची पट्टी मिळते. माझ्या फोनला कव्हरसकट २० सेंमी बाय १४ सेंमी एवढीच लागली.

पाइपचा मोठा फायदा म्हणजे तो ८० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो. म्हणजे उकळतं पाणी पुरतं. हीट गन लागत नाही, ओव्हन लागत नाही. आणि उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, म्हणजे फुकटचा थर्मोस्टॅट मिळतो. लोक पाइप थेट गॅसवर धरतात, ते करू नका. पीव्हीसी जळायला लागला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. घशाला आणि फुप्फुसांना तो फार वाईट. दुसरं म्हणजे पाइपमध्ये, विशेषतः जुन्या पाइपमध्ये, शिशाचा स्टॅबिलायझर असू शकतो. म्हणून त्यासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही, आणि घासकाम करताना मास्क लावून, पॉलिशपेपर ओला करून घासायचं म्हणजे धूळ उडत नाही. मी भंगारवाल्याकडून एक पिचका टोप घेतला. आईने त्याला गॅलरीतच जागा दिली.

पत्रा वापरायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. धातूच्या डबीत फोनचा अँटेना झाकला जातो, सिग्नल पडतो, आणि टॉवर गाठायला फोन जास्त ताकद लावतो, म्हणजे बॅटरीही लवकर उतरते.

साचा: इथे सगळा खेळ आहे

पहिली गोष्ट. साचा म्हणून खरा फोन वापरायचा नाही. लिथियम बॅटरीला उकळत्या प्लास्टिकमध्ये दाबणं म्हणजे आग ओढवून घेणं. बंद पडलेला जुना फोनही नको, त्यातही बॅटरी असतेच. प्लायचा तुकडा फोनच्या मापाचा कापायचा, कव्हरसकट जाडी येईपर्यंत पुठ्ठा चिकटवायचा, कोपरे गोल करायचे.

माझा पहिला साचा अगदी बरोबर मापाचा होता आणि म्हणूनच चुकला. थंड होताना प्लास्टिक किंचित आकसतं. फोन आत गेला, बाहेर येईना. शेवटी कवच कापून काढावं लागलं. आता मी साच्याला चारी बाजूंनी कागदी टेपचे दोन-तीन वेढे देतो, जेणेकरून सगळीकडे अर्धा-एक मिमी फट राहील.

दुसरा फसला कॅमेऱ्यामुळे. कॅमेऱ्याचा उंचवटा साच्यावर होता, प्लास्टिकने त्याचा नीट खड्डा घेतला, आणि फोन आत बसल्यावर तो खड्ड्यात 'टक्' करून अडकला. बाहेर काढायला दोन हात लागले. उपाय पिस्तूलवाल्यांकडे होता. पिस्तुलाच्या नळीवर पुढे नेम धरायचा छोटा खुंट असतो. तो अडकू नये म्हणून ते साच्यावर त्या रेषेत एक काडी चिकटवतात. त्यामुळे होल्स्टरमध्ये आतून एक पन्हळ तयार होतं आणि खुंट त्यातून सरळ सरकतो. मी फोन उलटा, म्हणजे कॅमेरा खाली, घालायचं ठरवलं होतं, म्हणून कॅमेऱ्यापासून कवचाच्या तोंडापर्यंत त्याच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी लावली. अडकणं बंद. फोन उलटा घालायचं कारण: वरून ओढल्यावर फोन तळाकडून हातात येतो आणि मनगट वळवलं की सरळ होतो. करून बघा, हाताला लगेच पटतं.

अशीच दुसरी पट्टी पॉवर बटणाच्या बाजूला. बटणापासून तोंडापर्यंत तीन मिमी उंच. हीच त्या ११२ च्या कॉलवरची खरी दुरुस्ती. फोन घालताना, काढताना किंवा आत असताना बटणाला काहीच लागत नाही, आणि बाहेरून कोणी कितीही दाबलं तरी कडक कवच मध्ये असतं.

आता दाबायचं काम. दोन फळ्या, त्यांच्या आतल्या बाजूला जुन्या योगा मॅटचे तुकडे आणि चार शिकंजे. मॅट यासाठी की फळी सपाट असते, मऊ मॅट मात्र साच्याच्या कडेपर्यंत प्लास्टिक ढकलते. पाइपची पट्टी आधी एकदा उकळत्या पाण्यात टाकून सपाट करून घ्यायची. मग परत दोन-तीन मिनिटं पाण्यात, चिमट्याने बाहेर, साच्याभोवती घावन दुमडतात तशी दुमडायची, फळ्यांमध्ये घालून शिकंजे आवळायचे. बाहेर काढल्यावर हातात जेमतेम अर्धं मिनिट असतं, मग ते कडक होतं. जाड हातमोजे घाला आणि मदतीला कोणीतरी घ्या. पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही.

उघड्या कडेला दीड सेंमी पट्टी ठेवायची. तिथे भोकं पाडून मी आमच्या नाक्यावर चप्पल शिवणाऱ्या काकांकडून आयलेट मारून घेतल्या. त्यांनी हे काय आहे विचारलं, मी सांगितलं, त्यांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "तळाला भोक कुठाय? घाम कुठे जाणार?" बरोबर होतं. आता तळाला दोन भोकं आहेत. पाणी निघतं आणि थोडी हवाही खेळते.

पकड कमी-जास्त करायला एका आयलेटच्या जागी स्क्रू आणि मध्ये नळाच्या वॉशरचा रबरी तुकडा घाला. स्क्रू आवळला की कवच किंचित मिटतं आणि फोनच्या दोन कडांना धरतं. काचेला नाही, कडांना. चाचणी सोपी आहे. गादीवर कवच उलटं धरून जोरजोरात तीस वेळा हलवा. फोन पडला तर स्क्रू आवळा, एका हाताने निघत नसेल तर सैल करा.

झाकण हवंच असेल तर टिचबटण किंवा वेल्क्रो लावा. चुंबक नको. पाउचमधलं चुंबक फोनच्या होकायंत्राला फसवतं, नकाशा भलतीकडे तोंड करतो, आणि कॅमेऱ्यात हात थरथरला तरी फोटो स्थिर ठेवणारी जी लेन्सची यंत्रणा असते तिलाही त्रास होऊ शकतो.

पाइपच्या या स्वस्ताईची एक किंमत आहे. ८०-१०० अंशांना वाकवलेल्या पाइपला आपला जुना गोल आकार पुरता विसरता येत नाही, ताण आत साठलेला राहतो. मे महिन्यात दुपारी माझं कवच स्कूटरच्या डिकीत राहिलं आणि संध्याकाळी त्याचं तोंड आ वासल्यासारखं उघडलेलं. कायडेक्सचं असं सहसा होत नाही, कारण ते बरंच जास्त तापमानाला घडवलेलं असतं. पाइपचं कवच परत उकळत्या पाण्यात घालून दाबता येतं, पण उन्हात ठेवू नका हे उत्तम.

चामड्याचं?

प्लास्टिक अंगाला बोचत असेल तर चामडं बघा, पण कुठलंही नाही. चामडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पर्स आणि जॅकेटचं मऊ चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं. ते ओलं करून साच्यावर बसवलं तरी वाळल्यावर फारसा आकार धरत नाही. झाडपाल्याने कमावलेलं चामडं धरतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं हेच, बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं. ते कोमट पाण्यात भिजवायचं, साच्यावर बोटांनी आणि चमच्याच्या पाठीने कडा दाबत बसवायचं, सावलीत दोन दिवस वाळू द्यायचं. बोटाने ठोकलं तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो इतकं ते कडक होतं. पावसाळ्यात मात्र पुन्हा ओलं होऊन सैल पडतं. म्हणून माझ्याकडे जून ते सप्टेंबर पाइपचं, बाकी वर्ष चामड्याचं असा बेत आहे. चामड्याचं अजून अर्धंच झालंय.

कमरेला कुठे

आजोबांची आकडी मागे असायची, म्हणून मीही आधी मागे लावलं. बाइकवाल्यांनी हे अजिबात करू नये. पाठीवर पडलात तर कण्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये कडक वस्तू येते. अमेरिकेतले बरेच प्रशिक्षकही पिस्तूल पाठीच्या मध्यावर लावू नका असंच सांगतात. अगदी पुढे पोटावर लावलं तर बसताना बोचतं. माझ्यासाठी उजव्या खुब्याच्या किंचित पुढे, दहा-पंधरा अंश पुढे झुकवून, पट्ट्याच्या आत हे बसलं. झुकवल्यामुळे वरचं टोक शर्टातून कमी दिसतं आणि बाइकवर वाकल्यावर बरगडीला लागत नाही.

दिसतं हे मात्र गृहीत धरा. कमरेला शर्टाखाली कडक, आयताकृती फुगवटा आहे हे मॉलच्या दारातल्या किंवा मेट्रोच्या तपासणीतल्या माणसाला लगेच कळतं, आणि कळायलाच हवं. मी रांगेत असतानाच फोन काढून हातात घेतो आणि रिकामं कवच दाखवतो. तपासणीच्या वेळी शर्टाखाली हात घालून काहीतरी उपसायचं नाही. मित्राला रील काढायची हौस असेल तर तिथे अजिबात नाही.

आत असताना फोन चार्ज करू नका, पॉवर बँक जोडू नका. एका बाजूला अंगाची ऊब, दुसऱ्या बाजूला बंद कवच, उष्णता जायला जागा नसते. हॉटस्पॉट चालू ठेवला तरी माझा फोन तापतो. ब्लूटूथवर नकाशाचा आवाज ऐकण्यापुरतं मात्र काही होत नाही.

आणि एवढं करूनही फोन जाऊ शकतो. म्हणून आजच *#०६# डायल करून दोन्ही आयएमईआय नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. फोन गेलाच तर आधी पोलिसात तक्रार, त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, आणि मग संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायची विनंती. त्या अर्जात आयएमईआय आणि तक्रारीची प्रत दोन्ही लागतात. ओटीपी नव्या सिमवर येतो, म्हणून सिम आधी.

पाइप, स्क्रू, वॉशर, आयलेट आणि तो पिचका टोप मिळून मला दोनशे रुपयांच्या आत पडलं. त्यात फसलेले तीन धरलेले आहेत. चौथं गेले आठ महिने कमरेला आहे, आणि ११२ ला अजून एकही कॉल गेलेला नाही.